साडी नेसून मुलाखतीला यावे

स्वतःची ओळख करून द्यायला भूमिका कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिला सवयच तेवढी झाली होती. बी.कॉम.चा निकाल लागल्यापासून कोडोलीच्या त्यांच्या घरात दर महिन्या-दोन महिन्याला कुणी ना कुणी पावणे येऊन टेकत, अव्वा, म्हणजे तिची आई, उप्पीट करी, आणि भूमिका डोक्यावर पदर घेऊन, हातात ट्रे धरून बाहेर येई. मग तीच ती ओळख. नाव भूमिका ईरप्पा शेटे, शिक्षण अमुक, मामाचं गाव तमुक, छंद वाचन आणि स्वयंपाक. एकदा तिनं खरं सांगितलं होतं की मला विहिरीत पोहायला आवडतं. त्या पावण्यांनी चहा अर्धाच ठेवला आणि त्यांचा निरोप काही आला नाही.

निरोप न आल्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते पावण्यांचं. एक आत्याबाई उप्पिटातल्या मिरच्या काढून बशीच्या कडेला ठेवायच्या सोडून सतरंजीखाली सारत होत्या आणि वर तोंड करून विचारत होत्या, "पोरगी टापटीप हाय न्हवं?" एका मामानं दातात अडकलेली मोहरी काडीनं कोरत कोरत तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "रंग असलाच, का उन्हानं झालाय?" भूमिकाला अशा वेळी मळमळायचं. अगदी खरंच मळमळायचं. पावणे गेले की त्यांच्या खरकट्या बशा ती उचलायची नाही. अव्वा बडबडत उचलायची.

शेट्यांचं गावात पेंड-सरकीचं दुकान होतं. दावणीला म्हैस असलेला प्रत्येक माणूस आठवड्यातून एकदा तरी ईरप्पांच्या पायरीवर येऊन बसायचा. भूमिका एकदा तिथल्या गल्ल्यावर बसून म्हणाली, "म्हशीचं बरं असतंय. बघायला आलेला माणूस तिचं दात बघतो, कास बघतो, पण तुझा छंद काय म्हणून तरी विचारत न्हाय." गिऱ्हाइकं पोट धरून हसली. ईरप्पा मात्र हसले नाहीत. "तोंड आवर," एवढंच म्हणाले.

ईरप्पा तसा मऊ माणूस. कुणावर आवाज चढवायचा नाही, कुणाला दुखवायचं नाही, हो ला हो म्हणायचं आणि वेळ निभवून न्यायची. पण शब्दाला पक्का, अशी त्यांची गावात ख्याती होती. म्हणून तर त्या वर्षी गौरी-गणपती झाल्यावर भूमिकानं त्यांच्याकडून शब्दच घेतला.

"अप्पा, मला नोकरी लागली तर वरीसभर बघायला कुणाला बोलवायचं न्हाय."

"बरं."

"बरं न्हवं. शब्द द्या."

"दिला की," ईरप्पा म्हणाले. "नोकरी लागली तर वरीसभर एक माणूस दारात आणत न्हाय."

एक वर्ष. भूमिकाला तेवढंच पाहिजे होतं. एक वर्ष उप्पीट नाही, ट्रे नाही, मामाचं गाव नाही. त्या वर्षासाठी ती कोल्हापुरात राजारामपुरीत मुलाखतीच्या क्लासला जायला लागली. एस.टी.नं जायचं, एस.टी.नं यायचं. क्लासचे सर भर उन्हात टाय लावून शिकवायचे आणि घामानं त्यांची कॉलर पिवळी पडायची, पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट तिला इतकी आवडली की तिनं बाकी सगळं माफ करून टाकलं. सर म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा म्हटलं की बापाचं नाव, गाव, जात, घरची माणसं हे सगळं मागाहून. आधी तुम्हाला काय येतं ते सांगा. पहिल्या मिनिटात समोरच्याला कळलं पाहिजे, हे माणूस काय कामाचं आहे."

आधी काय येतं ते. आजवर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. क्लासमधल्या बाकीच्यांनी सरांनी दिलेली इंग्रजी ओळख तोंडपाठ केली. भूमिकानं स्वतःची स्वतः तयार केली, मराठीतून, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांसमोर उभी राहून ती म्हणून बघितली. पोती चांगली ऐकतात, मध्ये बोलत नाहीत.

जाहिरात अप्पांनीच आणून दिली. एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्राची घडी तिच्यापुढं सरकवली. हुक्केरी ट्रॅक्टर्स, पुणे-बेंगळूर रस्त्याला शिरोलीजवळ. 'शोरूमच्या ऑफिससाठी सुशिक्षित, घरंदाज, अविवाहित मुलगी पाहिजे. हिशेब व संगणकाचे ज्ञान असावे. साडी नेसून मुलाखतीला यावे.' यात भूमिकाला काही वावगं दिसलं नाही. त्या काळात जाहिराती तसल्याच असायच्या. टेलिफोनवर बसायला सुस्वरूप मुलगी मागायचे, जसं काही फोनमधून तोंड दिसतं. तिनं अर्ज पाठवला आणि आठवड्याभरात बोलावणं आलं.

"आपल्यातलीच माणसं हायत," ईरप्पा म्हणाले. "मृत्युंजयअण्णा म्हणजे मोठा माणूस. आणि हे बघ, केस मोकळं सोडू नको. वेणी घाल."

बापानं वेणीचं बोलावं याचं तिला जरा हसू आलं. पण बाप मुलाखतीत एवढं लक्ष घालतोय म्हणून बरंही वाटलं. तिनं वेणी घातली.

शोरूम चकचकीत होती. लाल-निळे ट्रॅक्टर फुलांच्या माळा घालून नवरदेवासारखे ओळीनं उभे. आतल्या ऑफिसात चार माणसं बसली होती. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले मृत्युंजयअण्णा, शेजारी त्यांची बायको, कोपऱ्यात टोपीवाले एक मामा, आणि मोठ्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली अण्णांची आई, रत्नव्वा. म्हातारीच्या हातात तपकिरीची डबी होती. चिमूट नाकात कोंबायची, शिंकायची, बोटं लुगड्याला पुसायची. पुसली तर पुसली. भूमिकानं नजर वळवली. घरचा धंदा आहे, घरची माणसं बसणारच, असं तिनं मनाला सांगितलं.

"स्वतःबद्दल थोडं सांगा," अण्णा म्हणाले.

हाच तो प्रश्न. भूमिकानं पाठ ताठ केली. "नमस्कार. मी भूमिका. मी पेंडीच्या दुकानात वाढले. शेतकरी दारात ओरडत आला तर मी..."

"उंची किती?" रत्नव्वानं मधेच विचारलं.

भूमिका थबकली. मग तिच्या ध्यानात आलं की सुट्या भागांचे कप्पे उंच असणार. "पाच फूट तीन इंच," ती म्हणाली. "वरच्या फळीपर्यंत हात पोचतो माझा."

कोपऱ्यातले मामा खुसुखुसू हसले.

"डोळ्याला नंबर?"

"नाही. दिवसभर संगणकापुढं बसू शकते."

"ते कपाट दिसतंय न्हवं," मामा म्हणाले, "त्यातली निळी फाईल आण बघू."

ती उठली, गेली, फाईल काढून आणली. फाईल रिकामी होती. मामांनी फाईलकडं बघितलंच नाही, तिच्या पावलांकडं बघत होते. "ठेव जा परत," म्हणाले. काम किती नीटनेटकं करते हे बघत असतील, असं वाटून तिनं परत ठेवताना आजूबाजूच्या फायलींच्याही कडा जुळवल्या.

"सणासुदीला पंचवीस-तीस माणसांचं जेवण एकटीला जमतंय का?" रत्नव्वा.

इथं शहाण्या माणसाला शंका यायला हवी होती. पण गरजवंताला अक्कल नसते. नवा ट्रॅक्टर न्यायला गावची गावं येत असतील, पूजा होत असेल, जेवणावळ घालत असतील, असं काहीबाही भूमिकानं स्वतःच्या मनाशी जुळवलं आणि म्हणाली, "जमेल. पण माझं मुख्य काम हिशेबाचं असेल ना?"

तेवढ्यात दार ढकलून एक तरणा माणूस आत आला. हातात मोबाईल, गळ्यात सोन्याची साखळी. टेबलावरची किल्ली उचलली, भूमिकाला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघून घेतलं, किल्ली परत टेबलावरच ठेवली आणि निघून गेला.

"आमचा अमरेश," अण्णा म्हणाले.

मग अण्णांची बायको उठली आणि मागच्या बाजूनं चहाचा ट्रे घेऊन आली. इतका वेळ तिच्या तोंडून अक्षर निघालं नव्हतं. ट्रे तिनं टेबलावर ठेवला नाही. भूमिकाच्या हातात दिला. "तूच दे की सगळ्यांना," हळूच म्हणाली.

डोक्याच्या आधी हातांना कळलं. ट्रे हातात आला आणि भूमिकाचे हात आपोआप खाली झुकले, पदर सावरला गेला, पहिला कप सगळ्यांत वडील माणसापुढं गेला. महिनोन् महिने केलेली कवायत. रत्नव्वापुढं ती वाकली, तशी म्हातारीनं कप घ्यायच्या आधी तपकिरीच्या बोटांनी तिची वेणी धरली आणि दोनदा ओढून बघितली.

"खरं हायत न्हवं केस? हल्ली गंगावन लावत्यात."

ट्रेमधला चहा बशीत सांडला. शी. तिला ओकारी येईल असं वाटलं आणि आली असती तर तिनं ती म्हातारीच्या मांडीवर येऊ दिली असती. पण आली नाही. तिनं ट्रे टेबलावर ठेवला.

"पगार किती आहे?" तिनं विचारलं.

सगळे हसले. अण्णा तर मनापासून हसले, माणूस वाईट नव्हता तो, म्हणूनच जास्त संताप येत होता. "पगार कसला, पोरी? सगळी शोरूम तुझीच की. आता तुला सांगायला काय हरकत न्हाय. आमाला शिकलेली सून पाहिजे. घरोघर उप्पीट खात हिंडायला कुणाला वेळ हाय? जाहिरात दिली की शिकलेल्या पोरी आपणहून येत्यात. बोलणं-चालणं समजतंय. धीट हाय का भित्री, ते बी समजतंय."

"म्हणजे लग्नानंतर इथं काम?"

"छे छे. आमच्यातल्या बायका शोरूममधी कामाला बसत न्हाईत."

"कामाची जागा नाहीच आहे तर."

"न्हाय, तशी न्हाय."

भूमिका उभी राहिली. "माझं सांगून व्हायचं होतं अजून," ती म्हणाली.

"कळलं की सगळं," अण्णा म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

बाहेरच्या बाकावर पुढची मुलगी बसली होती. भूमिका येताना तिच्याशी दोन शब्द बोलली होती. सुष्मिता, गडहिंग्लजकडची, जरीची साडी, सोबत आई. भूमिकानं तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं. "आत जाऊ नको. नोकरी-बिकरी काही न्हाय. सून बघायला लागल्यात."

सुष्मितानं आईकडं बघितलं. आईनं भूमिकाकडं बघितलं, त्या नजरेत कीवच होती. "मग?" सुष्मिता म्हणाली. "आमाला ठावं हाय की. म्हणून तर आलोय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अण्णांनीच की," आई म्हणाली. "अर्ज आला की घरच्यास्नी फोन करत्यात. न सांगता कुणाच्या पोरीला बघतील व्हय? चांगली माणसं हायत ती. तुमच्याकडं फोन न्हाय आला?"

भूमिकानं सुष्मिताचा हात सोडला.

"बापाला इचार," आई म्हणाली, आणि सुष्मिताचा पदर नीट करायला लागली.

एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. वाठारपर्यंत भूमिका अप्पांची बाजू मांडत होती. फोन आला नसेल. आला तर अव्वानं घेतला असेल आणि विसरली असेल. अण्णांनी आडवळणानं सांगितलं असेल, अप्पांना उमगलं नसेल. वाठारला गाडी वळली आणि तिला वेणीची आठवण झाली. केस मोकळं सोडू नको, वेणी घाल. ज्या माणसाला आपली मुलगी कितवीला आहे हे पाच वर्षं सांगावं लागायचं, त्याला केसांचं कधीपासून कळायला लागलं? तिनं वेणी पुढं घेतली. तिला तपकिरीचा वास येत होता. ती तिनं पुन्हा मागं टाकली, तरी वास येतच राहिला.

घरात न जाता ती थेट पुढच्या दुकानात गेली. ईरप्पा गल्ल्यावर होते. वजनकाट्याच्या मागं, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा, पेढ्यांचा पुडा ठेवलेला होता. भूमिकाला तो दिसला. पायरीवर गुंडू म्हातारा सरकीसाठी बसला होता.

"आलीस?" ईरप्पा म्हणाले. "काय झालं?"

"न्हाय मिळाली नोकरी."

"आं? अण्णा तर म्हणालं, पोरगी पस..." आणि ईरप्पांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

गुंडूला सगळं कळलं नसेल, पण काहीतरी फुटलं हे कळलं. त्यानं विडी कानावर परत खोचली.

भूमिकाला वाटलं होतं, खरं कळलं की आपण रडू किंवा ओरडू. तसलं काही झालं नाही. तिला फक्त या माणसाची किळस आली. हुक्केरींचं एक वेळ ठीक होतं, ते परके होते. या माणसानं तिला क्लासला जाऊ दिलं, पोत्यांपुढं बोलताना बघितलं, शब्द दिला, आणि त्याच तोंडानं फोनवर दुसरा शब्द दिला. कुणाला दुखवायचं नाही, हो ला हो म्हणायचं. मऊ माणूस म्हणे. ओली पेंड पण मऊच असते. हात घातला की कळतं आत किडे झालेत.

ती गल्ल्यासमोर, गिऱ्हाईक उभं राहतं त्या जागी उभी राहिली. पाठ ताठ केली. आणि घरच्या बोलीत नाही, क्लासमध्ये बसवलेल्या स्वच्छ भाषेत बोलायला लागली.

"नमस्कार. मी भूमिका. मी पेंडीच्या दुकानात वाढले. शेतकरी दारात ओरडत आला तर मी ओरडत नाही, पण मागंही सरत नाही. व्यापाऱ्यानं भिजलेलं पोतं खपवायला बघितलं तर मी त्याला त्याचाच माल हुंगायला लावून परत पाठवते. कुठल्या घरची म्हैस व्यायली, कुणाची आटली, हे मला विचारावं लागत नाही, त्यांच्या पेंडीवरून कळतं. वडील दुपारी झोपतात तेव्हा दुकान मी चालवते. ते उठतात तेव्हा त्यांना वाटतं, दुकान तेच चालवतात. मला खोटं लगेच ओळखता येतं. फक्त घरच्या माणसाचं ओळखायला वेळ लागतो."

शेवटचं वाक्य तिनं तयार केलेलं नव्हतं.

ईरप्पा खाली बघत होते. तसेच म्हणाले, "हे तिथं का न्हाय सांगितलंस?"

"कुणी ऐकून घेतलं न्हाय. तुमी बी आजच ऐकलासा." मग ती म्हणाली, "अप्पा, दुकानात जागा हाय का? पगारी."

"आपलंच दुकान..."

"पगारी म्हणतोय मी. हाय का न्हाय?"

"द्या की, ईरप्पा," पायरीवरून गुंडू म्हणाला. "दुपारच्याला तीच असती बघा. तुमी घोरतासा."

ईरप्पांनी मान हलवली. हो अशी हलवली. माणूस हो ला हो म्हणणाराच होता, त्याचा एकदा तरी तिला उपयोग झाला.

"मग नोकरी लागली," भूमिका म्हणाली. "वरीसभर दारात कुणी न्हाय. तुमचाच शब्द हाय."

तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन वाजला. कुणाचा, हे दोघांनाही माहीत होतं. ईरप्पांनी तो वाजू दिला, मग उचलला.

"हॅलो... व्हय अण्णा, पोचली... न्हाय, न्हाय, तसं काय न्हाय. त्याचं काय झालं, पोरीला नोकरी लागली. हितंच, गावात... व्हय... आता वरीसभर तरी न्हाय बघा." भूमिकाचा श्वास मोकळा झाला. तसे ईरप्पा भिंतीकडं वळले आणि तोंडावर हात धरून हळू आवाजात म्हणाले, "पर पुढच्या वर्षी बघू की अण्णा. तवर थांबलासा तर बरं हुईल."

भूमिकानं ते ऐकलं. आत घरात गेली, चुलीवरचं पाणी उपसलं आणि शिकेकाईनं केस धुवायला बसली.

"आज कुठं केसाचा वार हाय?" अव्वा म्हणाली.

तिनं दोनदा केस धुतले. तपकिरीचा वास गेला. ओल्या केसांनीच, ते मोकळे सोडून, ती परत दुकानात आली. गुंडूची सरकी तिनं काट्यावर घातली, पोतं बांधून दिलं, आणि काट्यामागचा पेढ्यांचा पुडा त्या पोत्यावर ठेवला.

"हे कशाला?" गुंडूनं विचारलं.

"म्हशीला घाला."

"म्हशीला पेढं? कशाबद्दल म्हणून सांगू तिला?"

"काय सांगू नका. म्हशीला काय सांगावं लागत न्हाय."

गुंडूनं ईरप्पांकडं बघितलं. ईरप्पा रस्त्याकडं बघत होते. मग त्यानं पोतं डोक्यावर घेतलं, पुडा काखेत मारला आणि पायरी उतरून गेला. भूमिका गल्ल्यावर बसली. पगाराचं तिनं उद्यावर ठेवलं, पण तोंडी शब्दावर आता ती राहणार नव्हती.